परिचारिकेच्या नोकरीचा अर्ज

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 अशा प्रसंगी मुलांवरील संस्कार, घरची बचत, आहार असा काहीतरी विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. पण मी सबंध आयुष्य रुग्णालयात घालवलेली बाई. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी अधिसेविका होते. अधिसेविका म्हणजे आपण सगळ्या ज्यांना मेट्रन म्हणतो त्या. नव्या मुलींचे अर्ज वाचण्याचे काम तेव्हा माझ्याकडे असे. निवृत्त झाले तरी ते काम काही सुटलेले नाही. शेजारपाजारच्या मुली आपले अर्ज घेऊन घरी येतात आणि म्हणतात, "मावशी, एवढे बघून द्या." तेव्हा आज मी त्याच विषयावर बोलणार आहे. परिचारिकेच्या नोकरीसाठी जे पत्र पाठवायचे, ते कसे लिहावे?

विषय लहान आहे असे कोणाला वाटेल. पण आपल्या जिल्ह्यातील घरे डोळ्यांपुढे आणा. पुसद, दारव्हा, घाटंजी, वणी, पांढरकवडा, कोठेही जा. गल्लीत एखादी तरी मुलगी नर्सिंग शिकलेली किंवा शिकत असलेली सापडतेच. बापाने कापसाच्या पैशातून फी भरलेली असते. आईचे मंगळसूत्र कधी गहाण पडलेले असते. तीन-चार वर्षे पोरीने वसतिगृहातले जेवण जेवून, रात्रपाळ्या करून पदविका मिळवलेली असते. इतके सगळे झाल्यावर तिच्यात आणि पगारात एक कागद उभा असतो. तो कागद मात्र ती पाच मिनिटांत दुसऱ्याकडून लिहून घेते. हे मला बरे वाटत नाही.

आधी थोडी माहिती सांगते, म्हणजे आयांनाही विषय उलगडेल. जी. एन. एम. हा पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची. हे पुरे करून परीक्षा उत्तीर्ण झाले की मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. तेथे नोंद झाली म्हणजे मुलगी नोंदणीकृत परिचारिका होते. ए. एन. एम. झालेल्या मुलींची नोंद वेगळी असते. त्यांनी अर्जात तसेच स्पष्ट लिहावे. आपल्या राज्यात या नोंदणीचा कायदा १९६६ सालचा आहे. सबंध देशासाठी १९४७ साली एक कायदा झाला होता, आणि २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिसेवेसाठी नवा कायदा केला. कायदे बदलतात, पण त्यांच्या मागचा हेतू एकच आहे. परक्या माणसाच्या शिरेत सुई घालणारा हात शिकलेला आहे की नाही, याची समाजाला खात्री असावी. म्हणून अर्ज वाचणारी बाई पहिल्याने नोंदणी क्रमांक शोधते. तो सापडला नाही तर पुढचे वाचायला ती थांबत नाही.

दुसरी गोष्ट. सरकारी अधिपरिचारिकेची पदे जाहिरात निघून, परीक्षा होऊन भरली जातात. तेथे ठरलेला नमुना भरायचा असतो, पत्राला जागा नसते. पत्राचा उपयोग होतो तो विश्वस्त संस्थांची रुग्णालये, खासगी इस्पितळे, काही कंत्राटी जागा यांच्यासाठी, आणि नागपूर, पुणे, मुंबईकडे जाणाऱ्या मुलींसाठी. आपल्याकडच्या बहुतेक मुलींची पहिली नोकरी अशाच ठिकाणी लागते.

आता येणारे अर्ज कसे असतात ते सांगते. एका जागेसाठी चाळीस पत्रे आली, तर त्यांतली तीस अक्षरशः एकसारखी. झेरॉक्सच्या दुकानात एक नमुना ठेवलेला असतो. नाव बदलायचे आणि छापून द्यायचे. "मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून मला सेवेची संधी दिल्यास मी आपल्या विश्वासास पात्र ठरेन." खाली "आपली कृपाभिलाषी". उरलेल्या दहांत काही पत्रे अशी की वाचून जीव कळवळावा. वडील नाहीत, शेत कोरडवाहू, पाठची दोन भावंडे शिकतात. सगळे खरे असते. परंतु भगिनींनो, वॉर्डात रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास अडखळला, तर ही मुलगी काय करील, हे त्या पत्रांतून समजत नाही. आणि मेट्रनला तर तेवढेच जाणून घ्यायचे असते.

एक उदाहरण सांगते. नाव-गाव सांगत नाही. एका मुलीच्या पत्रात तीन ओळी होत्या. मुलाखतीला आली तेव्हा मी विचारले, "आधी काय काम केलेस?" ती म्हणाली, "विशेष काही नाही, मेडिसिनमध्ये होते." मी विचारले, "कोणत्या साली?" ती म्हणाली, "२०१७." मी खुर्चीत सरळ बसले. आपणा सर्वांना ते साल आठवत असेल. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले, आणि वीसाहून अधिक माणसे दगावली. ही मुलगी त्या दिवसांत अशा रुग्णांजवळ उभी होती. तिने हातमोजे घालून त्यांचे भिजलेले कपडे उतरवले होते, अंग साबणाने धुतले होते. तोंडात साचणारा फेस यंत्राने ओढून काढला होता. डॉक्टरांनी सांगितलेले ॲट्रोपिन देऊन नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या पाहत रात्री काढल्या होत्या. औषध कमी पडले तर छाती भरून येते, आणि जास्त झाले तर माणूस बडबडू लागतो, अंग तापते, नाडी धावते. हा फरक तिला पुस्तकाबाहेर, डोळ्यांनी ओळखता येत होता. अन् पत्रात काय लिहिले होते? मेहनती व होतकरू! त्या दिवशी पत्रे थोडी होती म्हणून सगळ्यांना बोलावले होते. पत्रे जास्त असती, तर तिला बोलावणेच गेले नसते.

मुली असे का लिहितात? मला वाटते, याला आपण घरच्या बायकाही थोड्या कारण आहोत. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, असे आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. शिकवण चांगलीच आहे. पण केलेल्या कामाचा हिशेब देणे म्हणजे स्तुती नव्हे. बचत गटाच्या वहीत आपण जमा लिहितो, तेव्हा ती बढाई होते का? मग मुलीने किती खाटांच्या वॉर्डात किती दिवस काम केले, हे लिहायला लाज कसली?

मी मुलींना एक गोष्ट नेहमी सांगते. तुला पत्र लिहिता येत नाही असे म्हणू नकोस. तू रोज लिहितेस. पाळी बदलताना येणाऱ्या सिस्टरच्या हाती जो रिपोर्ट देतेस, तो कसा लिहितेस ते आठव. त्यात "रुग्ण बरा आहे" असे लिहून चालत नाही. ताप किती, नाडी किती, लघवी किती झाली, कोणते औषध किती वाजता दिले, काय द्यायचे राहिले, हे लिहावे लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे परिचर्येवरील पुस्तक १८५९ साली लिहिले गेले. रुग्णाकडे नीट पाहणे आणि पाहिलेले नेमके सांगणे, यावर त्यात मोठा भर आहे. मोघम सांगण्याने रुग्णाचे नुकसान होते, हे त्या बाईंनी ओळखले होते. तुझे अर्जाचे पत्रही तसेच लिही. या वेळी फक्त रुग्णाऐवजी स्वतःबद्दल रिपोर्ट द्यायचा आहे.

अर्जाची गोष्ट निघाली म्हणजे मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात. त्या डॉक्टर झाल्या, परिचारिका नव्हेत. पण परक्या दारात उभे राहून आपल्या कामासाठी जागा मागणारे पत्र कसे असावे, हे त्यांच्याकडून शिकावे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेत पोहोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाच्या चालकांना त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. जवळ पदवी नव्हती, शिफारस करणारे मोठे नातेवाईक नव्हते. तरी पत्रात रडगाणे नाही. आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून आपण येथवर आलो, तो निश्चयच पुढे उपयोगी पडेल, असे त्यांनी सांगितले. आपल्या देशातील बायका पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिक्षण हवे आहे, असे कारण दिले. स्वतःसाठी काही मागत नाही, या कामाला लायक होण्यासाठी जे लागेल तेवढेच मागते, असेही लिहिले. त्यांना प्रवेश मिळाला. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या, आणि पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्य थोडे लाभले, पण ते पत्र आजही शिकवते. आतापर्यंत काय केले, हे काम कोणासाठी हवे आहे, आणि नेमके काय मागते आहे, या तीनच गोष्टी त्यात आहेत.

पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि तेथून बायकांना परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठवले. तेव्हा चांगल्या घरच्या बाईने हे काम करू नये, असेच लोकांचे मत होते. ज्या कामाचा मान मिळवायला आपल्या आज्यांना इतके सोसावे लागले, त्या कामासाठी अर्ज करताना "कृपाभिलाषी" म्हणून वाकण्याचे कारण नाही. "आपली विश्वासू" एवढे पुरे आहे.

आता प्रत्यक्ष पत्र. मी एक नमुना करून आणला आहे. मुलगी कल्पनेतली आहे, पण अशा मुली आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

"मा. अधिसेविका यांस,

आपल्या रुग्णालयातील अधिपरिचारिका पदाची जाहिरात वाचून अर्ज करीत आहे. मी २०२१ साली जी. एन. एम. उत्तीर्ण झाले असून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणी आहे. नोंदणी क्रमांक व तिची मुदत खाली दिली आहे.

गेली दोन वर्षे मी तालुक्याच्या गावी ३० खाटांच्या रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करीत आहे. रात्रपाळीला आम्ही दोघी असतो. पावसाळ्यात फवारणीतून विषबाधा झालेले रुग्ण येतात. त्यांचे अंग धुणे, सलाईन लावणे, डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे ॲट्रोपिन देणे आणि नाडी, श्वास व बाहुल्यांची नोंद ठेवणे ही कामे मी केली आहेत. कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरील रुग्ण मी स्वतंत्रपणे सांभाळलेला नाही. ते काम शिकण्याची माझी तयारी आहे.

मला मराठी, हिंदी व गोरमाटी बोलता येते. आपल्याकडे तांड्यांवरून येणाऱ्या रुग्णांशी बोलण्यास त्याचा उपयोग होईल.

तीनही पाळ्यांत काम करण्याची माझी तयारी आहे. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची सूचना देऊन रुजू होऊ शकेन. मूळ प्रमाणपत्रे मुलाखतीच्या वेळी दाखवीन.

आपली विश्वासू"

झाले. एक पानसुद्धा पुरते भरले नाही. यातील दोन जागा मात्र मला उलगडून सांगायच्या आहेत.

पहिली जागा भाषेची. आपल्या जिल्ह्यात वऱ्हाडी बोलणारे आहेत, तांड्यांवर गोरमाटी आहे, पांढरकवडा, मारेगाव, झरीकडे गोंडी आणि कोलामी आहे, सीमेवर तेलुगू ऐकू येते. एखादी कोलाम बाई बाळंतपणाला येते, तेव्हा तिला काय होते आहे हे तिच्या भाषेत विचारणारे माणूस मिळणे म्हणजे अर्धा उपचार. तांड्यावरच्या म्हातारीला "याडी" म्हणून हाक मारणाऱ्या सिस्टरच्या हातून ती औषध मुकाट्याने घेते. आणि आमच्या मुली काय करतात? शहरात हसतील म्हणून घरची भाषा लपवतात. मुलींनो, ही लपवण्याची गोष्ट नाही. ती पात्रतेत लिहा.

दुसरी जागा, "हे काम मी केलेले नाही" या वाक्याची. मुली घाबरतात. म्हणतात, "असे लिहिले तर कोण घेईल?" दुकानातला नमुना तर अतिदक्षता विभागापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सगळ्याचा अनुभव लिहून देतो. त्याचे काय जाते! पण मेट्रन ते खरे मानते आणि तिसऱ्या रात्री त्या मुलीला यंत्रावरच्या रुग्णाजवळ एकटी उभी करते. यंत्र वाजू लागते आणि तिला काय करावे ते सुचत नाही. त्या खाटेवर कोणाचा तरी बाप असतो. पत्रातल्या एका खोट्या ओळीची किंमत तो देतो. उलट, जी मुलगी काय येत नाही हे सरळ लिहिते, तिच्या "येते" म्हटलेल्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवतो. माझ्या अनुभवात अशा मुली मागे पडलेल्या नाहीत.

आता काही अडचणीच्या गोष्टी, ज्या मला घरी येऊन हळूच विचारतात.

लग्नामुळे किंवा बाळंतपणामुळे नोकरीत खंड पडला असेल तर? लपवू नये. "२०१९ ते २०२२ मूल लहान असल्याने घरी होते, या काळात नोंदणी चालू ठेवली" एवढे एक वाक्य लिहावे. आम्हीही बायकाच आहोत, समजते. समजत नाही ती वर्षांची गोळाबेरीज.

प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आणि आधारकार्डावर सासरचे असेल तर? पत्रात दोन्ही नावे द्यावीत आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचे राजपत्र जोडावे. आणि कौन्सिलकडची नोंदही वेळीच बदलून घ्यावी.

रात्रपाळीचे काय? हे पत्रात लिहिण्याआधी घरात बोलावे. "तीनही पाळ्यांची तयारी आहे" असे लिहायचे आणि रुजू झाल्यावर सासऱ्यांना आवडत नाही म्हणायचे, याने दुसऱ्या मुलींवर भार पडतो. येथे बसलेल्या सासवांना माझे हात जोडून सांगणे आहे. सुनेचा पगार घरात यावा असे वाटत असेल, तर तिची रात्रपाळीही आपल्या घराची आहे असे माना. सकाळी ती परत येईल तेव्हा तिला गरम चहा द्या आणि चार तास झोपू द्या.

मूळ प्रमाणपत्रे? ती दाखवावीत, झेरॉक्स प्रती द्याव्यात, पण मूळ कागद कोणाच्या कपाटात ठेवायला देऊ नयेत. कोणी अडवून धरले की पोरीला दुसरीकडे जाता येत नाही. असे प्रसंग मी पाहिले आहेत. तसेच, एखादी नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्यावा. वर्षाने गेले तर ओळखणारे माणूस राहत नाही.

पत्र कोणत्या भाषेत? जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत. इंग्रजीत लिहायचे झाल्यास लहान लहान वाक्ये लिहावीत. स्वतःला ज्याचा अर्थ सांगता येत नाही असा शब्द घालू नये, कारण मुलाखतीत नेमका तोच विचारतात. हल्ली पत्र ई-मेलने जाते. पाठवण्यापूर्वी रुग्णालयाचे नाव नीट पाहावे. एका रुग्णालयाचे नाव दुसऱ्याच्या पत्रात राहिलेले मी कितीतरी वेळा वाचले आहे. आणि फोन नंबर स्वतःचा द्यावा. भावाचा दिला, तर तो शेतात असतो आणि मुलाखतीचा निरोप तसाच राहतो.

शेवटी मंडळाला एक सूचना करते. आपल्याकडे हळदीकुंकू होते, भजन होते, वर्षाची सहल होते. त्याबरोबर महिन्यातून एका रविवारी दुपारी दोन तास मुलींचे अर्ज वाचण्यासाठी ठेवता येतील का? त्यासाठी नर्सिंग शिकलेल्या बाईचीच गरज आहे असे नाही. ज्या भगिनी शिक्षिका आहेत त्यांनी शुद्धलेखन पाहावे. ज्यांचे माणूस कधी रुग्णालयात होते, त्यांनी वाचून एवढेच सांगावे की, या पत्रावरून ही मुलगी माझ्या माणसाजवळ रात्री बसलेली मला चालेल की नाही. याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही. मी स्वतः येईन. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण अर्ज वाचण्याइतकी नजर अजून शाबूत आहे.

  येत्या महिन्यात ज्यांच्या मुली अर्ज पाठवणार असतील, त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.